पावसात बायप्लेनच्या तारा सैल पडल्या, काय करू?

भाट्येकाठ | १४ जुलै, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

रत्नागिरीत राहतो, घर खाडीला लागून. प्लास्टिकची स्केल मॉडेलं जोडायचा नाद कॉलेजपासूनचा, पण दोन मजली पंखांच्या वाटेला कधी गेलो नव्हतो. कारण एकच, तारा. यंदा धीर केला आणि १/४८ चा (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढा) टायगर मॉथ घेतला, म्हणजे जुनं ब्रिटिश शिकाऊ बायप्लेन. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेअठरा सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही.

रंगवण्याआधी वरच्या पंखाच्या पोटाला आणि खालच्या पंखाच्या पाठीला ०.३ मिमीची भोकं पाडून ठेवली होती. तारेसाठी मिरकरवाड्याला जाऊन सगळ्यात बारीक तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) आणला, ०.१२ मिमीचा. एक टोक वरच्या पंखात सुपरग्लूने पक्कं करायचं, दुसरं खालच्या पंखातून आरपार काढून त्याला कपड्यांचा चिमटा लटकवायचा. चिमट्याच्या वजनाने तंगूस ताणला की भोकात गोंदाचा थेंब, सुकला की खालून ब्लेडने साफ. मे महिन्यात तीन रात्री बसून सगळं रिगिंग पुरं केलं. नखाने छेडलं तर टिंग वाजायचं. बायकोलाही वाजवून दाखवलं. (तिने न भरलेल्या आंब्याच्या पेट्यांकडे बोट दाखवलं. असो.)

मग पाऊस लागला. परवा महिन्याभराने कपाट उघडलं आणि बघतो तर काय, एकूण एक तार वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखी लोंबतेय. वाटलं गोंद सुटला. भिंग लावून प्रत्येक भोक तपासलं, एकही सुटलेलं नाही. काल रात्री अगरबत्ती लावून डावीकडच्या दोन तारांखालून हलकेच फिरवली, तर त्या आखडून ताठ झाल्या. म्हणजे आता डावीकडे दोन तारा ताठ, बाकी सगळीकडे झोळ. आज उरलेल्याही तशाच कसणार होतो, म्हटलं आधी विचारावं.

चुकलं काय? गोंद, तंगूस, की मी?

---

घाटावरचा | १४ जुलै, रात्री १०:३१

फोटो?

---

भाट्येकाठ | १४ जुलै, रात्री १०:५०

टाकलाय. वीज नाही, टॉर्चच्या उजेडात काढलाय, सांभाळून घ्या.

---

मालवणी_गरी | १४ जुलै, रात्री ११:१४

अरे बाबा, तंगूस पावसात ढिलो पडता ह्या माझ्या आज्याक पण म्हायत होता. आमी गरवूक जातंव तेव्हा नवो तंगूस आदी पाण्यात भिजत घालतंव, मगे गरी बांधतंव. तू सुको बांधलंस आणि वर पाऊस इलो, दुसरा काय होतला?

विमान मात्र झकास झालाहा.

---

सुईदोरा | १५ जुलै, सकाळी ७:४०

गरीदादा बरोबर सांगताहेत, त्यामागचं कारण मी सांगते. विमानातलं मला ओ की ठो कळत नाही, पण रसायनशास्त्र शिकवते.

नायलॉन पाणी पितं. त्याच्या साखळीत ठरावीक अंतरावर अमाइडचे गट असतात, हवेतले पाण्याचे रेणू त्यांना चिकटतात, शेजारशेजारच्या साखळ्यांची एकमेकींवरची पकड सैल होते आणि धागा लांबतो. पाण्यात बुडवून ठेवलं तर नायलॉन-६ स्वतःच्या वजनाच्या नऊ-दहा टक्के पाणी धरतं. तुमचा धागा पाण्यात नव्हता, पण खाडीकाठचा जुलै म्हणजे जवळजवळ तेच. हवा कोरडी झाली की पाणी निघून जातं आणि धागा परत आखडतो.

म्हणून सांगते, उरलेल्या तारा कृपा करून कसू नका. ज्या दोन कसल्यात त्या ओल्या, लांबलेल्या अवस्थेत कसल्यात. पावसाळ्यानंतर त्या आखडतील तेव्हा मूळ मापापेक्षा आखूड होतील आणि पंखाला ओढतील. न कसलेल्या तारा मात्र आपोआप मे महिन्यासारख्या होतील.

---

गलबत | १५ जुलै, सकाळी ९:०२

सुईदोराताईंना +१. आमचे बाबा होडीवर तांडेल होते. जुनी सुती दोरी भिजली की आखडायची, त्यामुळे पावसाच्या आधी गाठी सोडून थोडी ढील द्यायचे. नायलॉन आल्यावर सगळा हिशेब उलटा झाला, असं ते म्हणायचे.

एक गणित करून बघितलं, कारण अनेकांना वाटेल की केसभर लांबी वाढून एवढा झोळ कसा. भाट्येकाठ, तुमच्या मोठ्या तारा साधारण साडेसात सेंटिमीटरच्या असतील. त्यात अर्धा टक्का वाढ धरा, म्हणजे ०.४ मिमीपेक्षाही कमी. दोन टोकं पक्की असतील तर तेवढ्या वाढीने तार मधोमध तीन मिमीहून जास्त खाली येते. १/४८ मध्ये तीन मिमी म्हणजे खऱ्या विमानावर चौदा-पंधरा सेंटिमीटर! लांबी वाढते चिमटीभर, झोळ पडतो पसाभर.

---

घाटावरचा | १५ जुलै, सकाळी ९:२०

पण खऱ्या विमानाच्या तारासुद्धा जमिनीवर सैल असतात ना? मग राहू देत की. म्हणायचं हुबेहूब केलंय.

---

पुणेरी_प्लास्टिक | १५ जुलै, दुपारी १:१५

नाही हो घाटावरचे, हा गैरसमज फार पसरलाय. जरा सविस्तर लिहितो, जेवणाची सुट्टी आहे.

दोन पंख, मधले खांब आणि तिरक्या तारा मिळून एक पूल होतो. उपमा म्हणून म्हणत नाही. ऑक्टेव्ह शनूट मूळचा रेल्वेचा आणि पुलांचा इंजिनियर. १८९६ च्या ग्लायडरला त्याने प्रॅट पद्धतीच्या पुलाचा सांगाडा जसाच्या तसा लावला, पुढे राइट बंधूंनी तोच उचलला. खांब दाब सोसतात, तारा ताण सोसतात. तारेला ढकलता येत नाही, फक्त ओढता येतं. म्हणून प्रत्येक चौकटीत दोन उलटसुलट तारा लागतात.

धडाजवळ खालून निघून वर बाहेरच्या खांबाच्या डोक्याला जाते ती फ्लाइंग वायर. हवेत पंख वर उचलले जातात तेव्हा विमानाचं वजन तिच्यावर. वरच्या पंखाच्या मध्याजवळून निघून खाली बाहेरच्या खांबाच्या पायाशी येते ती लँडिंग वायर, जमिनीवर पंख खाली लोंबू नयेत म्हणून. पुढच्या आणि मागच्या खांबांच्या मधे फुली मारतात त्या इन्सिडन्स वायर, पंखाचा कोन त्यांच्यावर ठरतो. आता, जमिनीवर फ्लाइंग वायरवर भार नसतो हे खरं, पण जोडतानाच सगळ्यांना आधीचा ताण देऊन ठेवलेला असतो. झोळ पडलेली तार घेऊन कोणी उडत नाही, ती थरथरून तुटेल.

दुसरं, टायगर मॉथच्या या तारा म्हणजे दोरखंड नव्हेतच. त्या पोलादाच्या अखंड चपट्या पट्ट्या, काप घेतला तर मसुराच्या डाळीसारख्या, हवा कापली जावी म्हणून. पहिल्या महायुद्धात रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत त्या निघाल्या म्हणून त्यांना रॅफवायर म्हणतात. एका टोकाला उजवा आटा, दुसऱ्याला डावा, त्यामुळे पट्टी फिरवली की दोन्हीकडून एकदम कसली जाते. म्हणून टायगर मॉथला टर्नबकल (तार कसायचा मधला स्क्रू) लावत बसू नका. टर्नबकल जर्मन विमानांना, त्यांच्याकडे गोल केबल असायची.

जाडीचं म्हणाल तर पाव इंची तार १/४८ मध्ये ०.१३ मिमी येते. तुमचा ०.१२ चा तंगूस मापाला अगदी बरोबर होता. माल चुकला, माप नाही.

उपाय: लायक्रा. मॉडेलवाल्यांसाठी लवचिक रिगिंगचा धागा मिळतो, ईझी लाइन किंवा त्यासारखा. तो कितीतरी पट ताणतो, त्यामुळे हवेने थोडा लांबला-आखडला तरी ताण टिकतो, आणि चुकून बोट लागलं तरी तुटत नाही. चपटा मिळाला तर रॅफवायर हुबेहूब. लावताना एक टोक गोंदाने धरा, पूर्ण सुकू द्या, मग दहा-पंधरा टक्केच ताणून दुसरं टोक. जास्त ताणलात तर बारीक होऊन कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसतो.

---

तांबडीमाती | १५ जुलै, दुपारी ४:३३

गुहागरहून. लवचिक धाग्याचं पार्सल आमच्याकडे यायला तीन आठवडे लागतात, म्हणून मी जुन्या मोज्याच्या वरच्या पट्टीतून धागा उसवून काढला. आत लायक्राचा गाभा असतो, बाहेरून सूत गुंडाळलेलं. सूत उकलायचं, आतला पांढरा धागा घ्यायचा, पेन्सिलच्या शिशाच्या भुकटीत बोटं बुडवून त्यावरून फिरवायचा. पोलादी रंग येतो. १/७२ च्या मॉडेलला चालून जातं. एकच मोजा वापरला, दुसरा अजून घालतो.

---

वाइंडिंगवाला | १५ जुलै, रात्री ९:४८

तांब्याच्या तारेचं कोणी बोललंच नाही. कुठल्याही मोटार वाइंडिंगच्या दुकानात जा आणि ४० गेजची इनॅमल तार मागा, ०.१२ मिमी. वीतभर तुकडा तर तो पैसेही घेणार नाही. दोन्ही टोकं पकडीत धरून हलका झटका द्यायचा, तार सुईसारखी सरळ होते. मग डिव्हायडरने अंतर मोजून कापायची आणि चिमट्याने मधे बसवायची. ताणायचं नाहीच, नुसती ठेवायची. पाणी पीत नाही, इनॅमल असल्यामुळे खाऱ्या हवेतही काळी पडत नाही. पोलादाची तार मात्र किनाऱ्यावर नको, कापलेल्या टोकाला गंज धरतो आणि पिवळ्या पंखावर तांबूस डाग उतरतो. स्वानुभव.

---

पुणेरी_प्लास्टिक | १५ जुलै, रात्री १०:१०

चालेल, पण तांब्याला एकदा धक्का लागला की बाक येतो आणि तो जात नाही. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर लायक्राच.

---

भाट्येकाठ | १५ जुलै, रात्री १०:२२

मांजर आहे. दोन.

---

चिमटीत_चंद्र | १६ जुलै, सकाळी ११:०५

बाळबोध प्रश्न. मला पण बायप्लेन करायचंय, पण वरचं सगळं वाचून पोटात गोळा आला. सगळ्या बायप्लेनना एवढ्या तारा असतातच का?

---

पुणेरी_प्लास्टिक | १६ जुलै, सकाळी ११:४०

फोकर डी-सात घ्या. पंखांच्या आतला सांगाडाच इतका मजबूत की दोन पंखांमधे एकही तार नाही. हात बसला की मग एसई-फाइव्ह-ए. पहिल्या महायुद्धातले आपले वैमानिक इंद्रलाल राय हेच विमान उडवायचे, ४० स्क्वाड्रनमध्ये. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत दहा विजय, आणि २२ जुलैला गेले. वय एकोणीस. त्याच युद्धातले हरदितसिंग मलिक २८ स्क्वाड्रनमध्ये कॅमल हे बायप्लेन उडवायचे, पगडीवर बसेल असं मोठं हेल्मेट करून घेतलं होतं त्यांनी. आपल्या लोकांची विमानं करायची म्हटलं तर तारांपासून सुटका नाही, बघा.

---

गलबत | १६ जुलै, दुपारी १२:१५

वापिटी हे बायप्लेन राहिलं. १ एप्रिल १९३३ ला कराचीत आपल्या हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली ती चार वापिटींवर. पालमच्या संग्रहालयात एक आहे, दिल्लीला गेलात तर खाली वाकून तारा बघा. गाइडकडे दुर्लक्ष करा, तो मिग दाखवायला ओढत नेतो.

---

सुईदोरा | १६ जुलै, दुपारी ३:५०

एक विचारू? फोटोत पंखाच्या पिवळ्या रंगावर भोकांभोवती पांढरट धुरकट वलयं दिसताहेत. ती मे महिन्यात होती का?

---

भाट्येकाठ | १६ जुलै, रात्री ८:३०

ताई, डोळे तुमचे! नव्हती. १२ जुलैला कपाट उघडलं तेव्हा शेपटीजवळची एक कंट्रोल केबल सुटली होती, ती चिकटवली आणि लगेहाथ पंखाच्या चार भोकांत जादा थेंब सोडले. मला वाटलं बुरशी.

---

सुईदोरा | १६ जुलै, रात्री ९:००

बुरशी नाही. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, हवा दमट असेल तर पटकन. पण गोंदाची थोडी वाफ बाहेर पडते, तीही दमट हवेत लगेच घट्ट होऊन आजूबाजूला पांढरी भुकटी होऊन बसते. ओल्या फडक्याने हलके पुसून बघा. पुढच्या वेळी कमी गोंद, टूथपिकच्या नव्हे तर सुईच्या टोकावर मावेल तेवढाच, आणि चिकटवताना समोर छोटा पंखा मंद लावून ठेवा, वाफ साचत नाही.

---

मालवणी_गरी | १६ जुलै, रात्री ९:२६

बाई विमानातला कळणा नाय म्हणता आणि सगळ्यांचा विमान दुरुस्त करता.

---

भाट्येकाठ | १८ जुलै, रात्री ११:००

ठरलं. कसलेल्या दोन तारा आत्ताच कापून टाकाव्यात हे डोक्याला पटतंय, हाताला पटत नाही. सगळ्यात चांगल्या दिसताहेत त्याच दोन. लायक्रा मागवलाय. तो येईपर्यंत मॉडेल कपाटात ठेवतोय, आत १५ वॅटचा बल्ब लावून. आमच्याकडे कॅमेऱ्याच्या लेन्स पावसाळ्यात अशाच ठेवायचे.

---

भाट्येकाठ | २९ नोव्हेंबर, रात्री ९:१७

धागा वर काढतोय, कारण हिशेब पुरा करायचा राहिला होता.

लायक्राचं पार्सल ऑगस्टमध्ये आलं. मग गणपती, मग भातकापणी, मग दिवाळी. मॉडेल तसंच राहिलं. बल्ब सप्टेंबरात गेला तो बदलला नाही. दिवाळीनंतर चार-पाच दिवस सकाळी वरून कोरडा वारा सुटला. गेल्या शनिवारी दुपारी जेवून आडवा झालो होतो, कपाटातून टक् असा आवाज आला. वाटलं पाल.

डावीकडचा बाहेरचा पुढचा खांब खालच्या पंखातून निखळून तारेला लोंबत होता. त्या दोन तारा, अगरबत्तीवाल्या, वीणेसारख्या ताणलेल्या. त्या बाजूचा वरचा पंख टोकाशी पीळ खाल्ल्यासारखा, समोरून पाहिलं तर उजवीकडच्यापेक्षा दीड मिमी खाली. आणि उजवीकडच्या तारा, ज्यांना मी हात लावला नव्हता? सगळ्या सरळ. मे महिन्यात होत्या तशाच. नखाने छेडल्या, टिंग.

सुईदोराताई, तुम्ही १५ जुलैला सकाळी पावणेआठला लिहिलं होतंत, मी तो प्रतिसाद त्या दिवशी चार वेळा वाचला होता. दोन तारा कापायला चार सेकंद लागली असती.

मग आठवडाभर बसलो. दोन्ही बाजूंचा तंगूस काढला, कारण पुढच्या जुलैत उजवीकडची परत लोंबणारच. भोकं ०.३ च्याच बिटने साफ केली. आतला सुकलेला गोंद काढताना बिट मोडलं, दुसरं पुण्याहून येईपर्यंत सुई तापवून काम भागवलं. सुईने दोन भोकं ऐसपैस झाली, ती पुट्टीने भरून पुन्हा पाडली. पंखाचा पीळ काढायला रात्रभर पुठ्ठ्याच्या साच्यात रबर लावून ठेवला, बराचसा गेला, पूर्ण नाही. खांब बसवताना दोन्ही पंखांमधे पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून अंतर सारखं धरलं.

तारा लावताना एक गोष्ट हाताला कळली. आतून बाहेर यायचं, आधी धडाजवळच्या, मग लँडिंग, मग फ्लाइंग, शेवटी खांबांमधली फुली. मी मे महिन्यात उलटं केलं होतं, त्यामुळे चिमटा आत घालायला जागाच उरली नव्हती. लायक्रा अंगठ्याला चिकटतो, बोटांचं तेल लागलं की गोंद धरत नाही, म्हणून दोन चिमटे, हात लावायचाच नाही. सगळ्यात कंटाळवाणं म्हणजे पहिलं टोक सुकेपर्यंत थांबणं. तिसऱ्या तारेला घाई केली, ताणताना टोक सुटलं, धागा उडून चष्म्यावर बसला.

फोटो टाकलाय, या वेळी दिवसाउजेडी. डाव्या पंखाचा राहिलेला पीळ शोधणाऱ्याला आंबा वडीचा एक डबा.

---

घाटावरचा | २९ नोव्हेंबर, रात्री ९:४१

टोकाकडून दुसरी बरगडी. पत्ता व्यनि करतो.

---

सुईदोरा | २९ नोव्हेंबर, रात्री १०:०३

"टक् असा आवाज" वाचून वाईट वाटलं आणि हसूही आलं, माफ करा. लायक्रा उन्हात ठेवू नका, पिवळा पडतो आणि काही वर्षांनी तुटतो. खिडकीपासून दूर.

---

तांबडीमाती | ३० नोव्हेंबर, सकाळी ८:१५

उरलेला लायक्रा असेल तर विकत घेतो. मोजे संपले.

---

मालवणी_गरी | ३० नोव्हेंबर, सकाळी ८:५०

तो काढलेलो तंगूस फेकू नको, खाडीत तर अजिबात टाकू नको, पाखरांच्या पायात अडाकता. हयसर धाडून दी. ०.१२ चो तंगूस आमच्याकडे गावना नाय, शेवटयां मासळी गरवूक बरो.